दरड, पूर आणि गावाचे हक्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूरपट्ट्यातल्या आणि डोंगरउतारावरच्या गावांतले लोक, ग्रामपंचायत सदस्य, आशाताई, पोलीस पाटील आणि तरुण मंडळांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरे. मुख्यतः महाराष्ट्रातल्या परिस्थितीला धरून लिहिली आहेत.

पाऊस काय कोणाला विचारून पडतो? मग यात मानवी हक्कांचा संबंध कुठे आला?

पाऊस विचारून पडत नाही हे खरे. पण उताराच्या पायथ्याशी घर कोणाचे, इशारा कोणापर्यंत पोचला, निवाऱ्यात जागा कोणाला मिळाली आणि पंचनाम्यात नाव कोणाचे आले, हे सगळे माणसे ठरवतात. हक्काचा प्रश्न तिथे सुरू होतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर आदिवासींची वाडी. वर जायला गाडीरस्ता नव्हता, बचाव पथके चिखलातून पायी चढली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, असे सरकारने नंतर सांगितले. यादीत नाव नाही म्हणून पाहणी नाही, पाहणी नाही म्हणून स्थलांतराची तयारी नाही. या पानावरची निम्मी उत्तरे शेवटी कुठल्या ना कुठल्या यादीपाशी येतात, त्याचे कारण हेच आहे.

परदेशातला एक निकाल सांगण्यासारखा आहे. रशियातल्या तिर्निआउझ गावावर जुलै २००० मध्ये चिखलाचे लोंढे आले. धोका माहीत असूनही लोकांना वेळेवर सावध केले नाही, म्हणून युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००८ मध्ये बुदायेवा खटल्यात रशियाला जीविताच्या हक्काच्या भंगाबद्दल दोषी धरले. लोंढे सरकारने आणले नव्हते. माहीत असून गप्प बसणे हा दोष ठरला.

आपल्याकडे हा हक्क कुठल्या कायद्यात लिहिला आहे?

एका जागी नाही, तुकड्या-तुकड्यांत आहे. मुळाशी घटनेचे कलम २१, जीविताचा हक्क. त्यानंतर आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५. त्यातली कामाची कलमे थोडीच. कलम २५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरण असते, जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी सहअध्यक्ष. कलम ३० मध्ये लोकांचे प्रशिक्षण आणि जागृती हे या प्राधिकरणाचे काम म्हणून लिहिले आहे. कलम ३१ म्हणते की जिल्हा आराखडा स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून करायचा आणि दरवर्षी अद्ययावत करायचा. कलम ४१ ग्रामपंचायत-नगरपालिकांची कामे सांगते.

कलम ६१ मात्र पाठ करून ठेवा: मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. या कलमात अपंगत्वाचा उल्लेख नाही, भाडेकरू किंवा परप्रांतीय मजुरांचाही नाही. अपंगांची उणीव २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ८ भरून काढते. त्यानुसार आपत्तीत त्यांना समान संरक्षण द्यावे लागते आणि जिल्हा प्राधिकरणाने त्यांची नोंद ठेवावी लागते. भाडेकरूंसाठी असे स्वतंत्र कलम नाही. त्यांच्यासाठी झगडावे लागते, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १८ मार्च २०१५ ला स्वीकारलेला, आपत्तीची जोखीम कमी करण्यासाठीचा सेंदाई आराखडा २०३० पर्यंत लागू आहे आणि भारताने तो मान्य केला आहे. अर्जात त्याचा उल्लेख केला तर बिघडत काही नाही, पण तहसील कार्यालयात कलम ६१ आणि कलम ३१ जास्त चालतात.

आमच्या वाडीचे नाव दरडप्रवण यादीत नाही. धोका तर दिसतो आहे. काय करायचे?

आधी धोका लिहून काढा, मग अर्ज करा. "आम्हाला भीती वाटते" या वाक्यावर भूवैज्ञानिक येत नाही. "वाडीच्या वरच्या बाजूला ४० मीटर लांबीची भेग आहे, पंधरा दिवसांत दोन सेंटिमीटर रुंदावली" या वाक्यावर येण्याची शक्यता बरीच जास्त असते.

काय बघायचे: उतारावर चंद्रकोरीच्या आकाराची भेग, झाडे किंवा विजेचे खांब एका बाजूला कलणे, दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, जोत्याला किंवा भिंतीला नव्या चिरा, एरवी कोरड्या जागी पाणी फुटणे, आणि नेहमीच्या झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा थांबणे. शेवटचे लक्षण दिसले तर मोजमाप करत बसू नका, वाडी रिकामी करा.

भेग मोजायला भेगेच्या दोन्ही अंगांना लोखंडी खुंट पक्के ठोका, भेगेपासून निदान हातभर लांब. खुंटांच्या डोक्यावर छिन्नीने खूण करा आणि त्या दोन खुणांमधले अंतर रोज एकाच वेळी टेपने मोजून वहीत लिहा. भिंतीच्या चिरेवर काचेची अरुंद पट्टी सिमेंटच्या दोन ठिपक्यांवर आडवी बसवा. भिंत सरकली की काच तडकते. या कामात नेहमी होणारी चूक म्हणजे खुंट भेगेच्या अगदी कडेला ठोकणे. पावसाने कड ढासळते, खुंट सैल होतो आणि आकडे निरुपयोगी होतात. भेगेत पाणी जाऊ देऊ नका: चिकणमातीने बुजवा, वर प्लॅस्टिक अंथरा, आणि वरून येणारे पाणी वळवायला चर काढा. हा उपाय वेळ मिळवण्यापुरता आहे, त्याने डोंगर थांबत नाही.

नोंदी, फोटो आणि ग्रामसभेचा ठराव जोडून अर्ज तहसीलदारांना द्या, प्रत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला. मागणी एकच ठेवा: भूवैज्ञानिक पाहणी आणि अहवालाची प्रत. एकाच अर्जात रस्ता, पाणी, लाइट घातले की तो चार टेबलांवर फिरत राहतो.

गावाचा धोक्याचा नकाशा कसा काढायचा? संगणक लागतो का?

नाही. एप्रिल-मेमध्ये, शेतीची कामे ओसरल्यावर, देवळासमोरच्या अंगणात चुन्याने किंवा रांगोळीने काढा. मोठा काढला की म्हाताऱ्यांनाही त्यात चालत जाऊन बोट दाखवता येते. नदी, ओढा, रस्ता, विहिरी, घरे, गोठे, डीपी, शाळा. मग पाण्याच्या खुणा. नकाशा पुरुषांचा एकदा आणि बायकांचा वेगळा एकदा काढून घ्या. दोन्ही जुळत नाहीत हे तिथेच लक्षात येते. पुरुषांच्या नकाशात पूल आणि डीपी ठळक असतात. हातपंप बुडतो कुठे, संडासाकडची वाट कधी बंद होते, बाळंतीण कोणत्या घरी आहे, हे बायकांच्या नकाशात सापडते.

पुढची पायरी पूर रेषा प्रत्यक्ष गल्लीत आणायची. यासाठी गवंड्याची पाण्याची नळी पुरते. पंधरा-वीस मीटर लांब पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, बुडबुडा एकही राहू देऊ नका. बुडबुडा राहिला तर दोन टोकांची पातळी खोटी दिसते. ज्या भिंतीवर २०१९ किंवा २०२१ च्या पाण्याची खात्रीची खूण आहे तिथे नळीचे एक टोक धरा. दुसऱ्या टोकातले पाणी स्थिर झाले की पुढच्या खांबावर त्या उंचीला रंगाची रेघ मारा आणि साल लिहा. असे खांबामागून खांब जा. दर तीन-चारशे मीटरला दुसरी खात्रीची खूण शोधून पडताळा, कारण वाहत्या पुराचे पाणी तलावासारखे सपाट नसते.

मग या रेघा नदीच्या मोजपट्टीला जोडा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची ३९ आणि ४३ फूट. हे आकडे बातम्यांत रोज येतात, पण आपल्या गल्लीला त्यांचा अर्थ वेगळा. "आयर्विनला ४३ झाले की खालच्या आळीची वाट बंद, ४६ ला शाळेची पायरी" असा आपल्या गावाचा तक्ता करून चावडीवर लावा. फूट आपल्या अनुभवाचे टाका, आम्ही दिलेले फक्त नमुन्यासाठी आहेत.

रेड अलर्ट आला की नेमके किती पाणी समजायचे?

हवामान विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार, २०४.५ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस. रेड अलर्ट बहुधा या शेवटच्या गटाचा असतो. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरात एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली आणि चिपळूण पाण्याखाली होते.

इशारा जिल्ह्याचा असतो, पाऊस मात्र खोऱ्यागणिक बदलतो. म्हणून गावाचा स्वतःचा पर्जन्यमापक हवा. दोन लिटरच्या सरळ बाटलीचा वरचा निमुळता भाग कापा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा त्याच बाटलीत बसवा. तळाशी खडे टाका, सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरा, तिथे शून्याची खूण करून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाड आणि छप्परापासून लांब, मोकळ्यावर ठेवा. वाचन रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान विभागही त्याच वेळेला मोजतो. बाटलीत साधारण १५० मिलिमीटरच मावतात. मोठ्या पावसात मध्येच वाचून शून्यापर्यंत ओतले नाही तर बाटली भरून वाहते आणि जो आकडा सर्वांत महत्त्वाचा तोच हुकतो.

दरडीसाठी एका दिवसाच्या आकड्यापेक्षा सलग दिवसांची बेरीज पाहा. आठवडाभर मुरलेल्या जमिनीवर आलेला मोठा पाऊस जास्त घातक.

गावची समिती कागदावर आहे, पण पुरात कोणी दिसत नाही. असे का होते?

बहुतेक वेळा तीन कारणे. समितीत ज्यांची नावे आहेत ते दिवसा गावात नसतात, कामाला शहरात जातात. फोन नंबर तीन वर्षे जुने असतात. आणि सगळी भिस्त मोबाइलवर व विजेच्या भोंग्यावर असते. पुरात पहिल्यांदा महावितरण सुरक्षेसाठी वीज बंद करते आणि मग टॉवरची बॅटरी संपते.

म्हणून प्रत्येक कामाला दोन माणसे ठेवा, त्यातले एक दिवसा गावात असणारे. आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षिका, किराणा दुकानदार ही माणसे दिवसभर गावात असतात आणि घरोघरची खबर त्यांना असते. हाताने फिरवायचा भोंगा किंवा देवळाची घंटा, मशिदीचा बॅटरीवरचा स्पीकर, आणि दवंडी. कोणता आवाज म्हणजे "तयार राहा" आणि कोणता म्हणजे "निघा", हे आधी ठरवून रंगीत तालीम घ्या. तालीम १५ मेच्या आत, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. रात्रीच्या तालमीत शाळेची चावी कोणाकडे आहे हे कळते. बहुतेक गावांत ती चावी तालुक्याला राहणाऱ्या गुरुजींकडे निघते.

नंबर पाठ असावेत: ११२ आणीबाणी, १०७७ जिल्हा नियंत्रण कक्ष, १०७० राज्य नियंत्रण कक्ष.

घरोघरच्या यादीत कोण हमखास सुटते?

अंथरुणाला खिळलेले, अपंग, गरोदर बाया, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, डायलिसिस किंवा इन्सुलिनवर असलेले, वीटभट्टीवरचे आणि कारखान्यातले परगावचे मजूर, भाडेकरू, आणि ज्यांची घरे दुसऱ्याच्या जमिनीवर आहेत असे. रायगड-ठाण्यातल्या अनेक कातकरी वाड्या खासगी मालकीच्या जागेवर आहेत. घरपट्टीची पावती नाही, म्हणून ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतही घर नाही.

यादी मतदारयादीवरून उतरवू नका, घर मोजत जा. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न: हे माणूस स्वतः चालत निघू शकते का? नसेल तर उचलणारे दोघे कोण, आणि खुर्ची की झोळी? "शेजारी बघतील" असे लिहू नका, शेजाऱ्याचे नाव लिहा. बहिऱ्या माणसाला भोंगा ऐकू येत नाही, तिथे दार वाजवणारा नेमा. यादी १ जूनला ताजी करा. आजारांची माहिती मात्र फळ्यावर लावायची नाही. ती आशाताईंच्या आणि समितीच्या वहीतच राहू द्या. तोही हक्काचाच भाग आहे.

प्रशासन घर सोडायला भाग पाडू शकते का?

धोका अंगावर आला असेल तर होय. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३४ मुळे जिल्हा प्राधिकरणाला ये-जा रोखण्याचे आणि बचावासाठी पावले उचलण्याचे अधिकार मिळतात, आणि कारण नसताना अडथळा आणला तर कलम ५१ खाली गुन्हा होतो. ही तात्पुरती हलवाहलव झाली. कायमचे उठवणे वेगळे, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

लोक वेळेत निघत नाहीत याला बहुतेकदा हट्ट म्हटले जाते. खरे कारण गोठ्यात असते. दोन म्हशी म्हणजे घरचा रोजचा पैसा, त्या सोडून कोण जाईल? गुरांसाठी उंचावरची जागा, चारा आणि राखण आधी ठरली असेल तर माणसे पहिल्या हाकेला निघतात. स्थलांतराच्या आराखड्यात गुरांच्या छावणीचे पान नसेल तर तो आराखडा अर्धाच आहे. दुसरे कारण चोरीची भीती. होमगार्ड आणि गावच्या पोरांची गस्त जाहीर करा.

बोट ग्रामपंचायतीने ठेवावी का?

ठेवावी, पण वापर शिकून. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. बोटीच्या अंगावर माणसांची संख्या मोठ्या आकड्यात रंगवा. जितक्या जागा तितकीच जॅकेटे, आणि जॅकेट काठावरच बांधायचे, बोटीत नाही. कोणी उभे राहायचे नाही. इंजिन दर महिन्याला सुरू करून पाहा, वल्ही आणि दोर बोटीतच ठेवा. शेवटची फेरी असे कधी जाहीर करू नका. त्या शब्दाने गर्दी होते.

निवारा केंद्रात काय मिळायला हवे?

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे २०१६ चे किमान निकष आहेत. माणशी ३.५ चौरस मीटर जागा. पिण्याला रोज माणशी किमान ३ लिटर, संडास-अंघोळीला किमान १५ लिटर पाणी. ३० माणसांमागे एक संडास, बायकांसाठी वेगळा, निवाऱ्यापासून ५० मीटरच्या आत. मोठ्यांना दिवसाला २,४०० आणि लहान मुलांना १,७०० कॅलरी अन्न.

हिशेब करून पाहा. २० बाय २५ फुटांचा वर्ग म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर, त्यात १३ माणसे. प्रत्यक्षात चाळीस कोंबली जातात. ३०० लोकांसाठी १० संडास आणि दिवसाला ५,४०० लिटर पाणी लागते. शाळेत चार संडास आणि हजार लिटरची टाकी असेल तर ही तूट मेमध्येच लेखी कळवा, जुलैमध्ये नाही. संडासाकडच्या वाटेवर दिवा, आतून लागणारी कडी आणि सॅनिटरी पॅड हे तिन्ही नेहमी विसरले जातात. केंद्राच्या व्यवस्थेत निदान दोन बाया असल्याशिवाय या गोष्टी यादीत येत नाहीत. पंगत, पाण्याची टाकी किंवा खोल्या जातीप्रमाणे वेगळ्या होत असतील तर कलम ६१ चा उल्लेख करून त्याच दिवशी तहसीलदारांना लेखी द्या.

याच निकषांत विधवांसाठी वेगळी नोंद आणि १५ दिवसांत प्रमाणपत्र, तर आपत्तीपासून ४५ दिवसांत भरपाई असे म्हटले आहे. फार थोड्यांना हे माहीत असते.

पंचनाम्यात काय चुकते?

घाईने घर धुऊन काढणे, ही पहिली चूक. आधी फोटो: भिंतीवरची पाण्याची रेघ आणि तिच्याशेजारी उभी धरलेली टेप एकाच फोटोत यावी, दारावरचा घरक्रमांकही. पाणी कधी शिरले आणि कधी उतरले, तारीख-वेळ लिहून ठेवा. मदतीच्या अटींत पाणी किती काळ होते हे बऱ्याचदा येते.

दुसरी चूक कोऱ्या किंवा पेन्सिलने भरलेल्या फॉर्मवर सही. ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे आपले तलाठी) पंचनामा करतात, पिकाच्या वेळी सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि ग्रामपंचायत अधिकारीही (पूर्वीचे ग्रामसेवक) असतात. त्यांच्याकडे दिवसाला शंभर घरे असतात हे समजून घ्या, पण वाचल्याशिवाय सही करू नका. "अंशतः" आणि "पूर्णतः" या दोन शब्दांत लाखाचा फरक आहे. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये, किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००, झोपडीला ८,०००. मृत्यूनंतर वारसांना ४ लाख. दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, शेळी-मेंढीला ४,०००. पिकाला ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान असेल तर कोरडवाहू हेक्टरी ८,५००, बागायत १७,०००, बहुवार्षिक २२,५००, दोन हेक्टरपर्यंत. राज्य सरकार दर वेळी वेगळा शासन निर्णय काढून रक्कम किंवा मर्यादा वाढवू शकते, म्हणून त्या वर्षीचा निर्णय मिळवून त्याच्याशी ताडून पाहा.

वाहून गेलेल्या जनावराचा मृतदेह दाखवता येत नाही. तिथे कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक कामी येतो. क्रमांक आणि जनावराचा फोटो पावसाळ्याआधी मोबाइलमध्ये घेऊन दुसऱ्या गावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा, सातबारा, आधार आणि पासबुकाबरोबर.

नाव सुटले तर तहसीलदारांना अर्ज, आणि प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. नाव लागूनही पैसे येत नसतील तर बहुधा ई-केवायसी राहिलेली असते किंवा खाते आधारशी जोडलेले नसते. मदतीच्या यादीत नावापुढे असलेला विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रात जा. बँकेने मदतीची रक्कम कर्जात वळती केली तर लेखी हरकत घ्या. अशी कपात करू नये असे आदेश सरकार वेळोवेळी काढते.

भाडेकरूला काही मिळते का?

पडलेल्या घराचे पैसे मालकाचे. पण भांडीकुंडी आणि कपडे भाडेकरूचे असतात, आणि मदतीत त्यांचे शीर्षक वेगळे आहे. पंचनाम्यात एकाच घरात दोन चुली असतील तर दोन कुटुंबे लिहायला लावा. पुरावा म्हणून भाडेकरार नसला तर रेशनकार्ड, गॅसची पावती, मुलाचा शाळेचा दाखला किंवा शेजाऱ्यांचे जबाब द्या. मालकाने हरकत घेतली म्हणून नोंद नाकारता येत नाही. दोघांचे हक्क वेगवेगळे आहेत.

निळी रेषा, लाल रेषा म्हणजे काय?

पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द म्हणजे निळी रेषा, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. नदी आणि निळ्या रेषेमधला पट्टा बांधकामाला निषिद्ध, निळ्या-लाल मधला नियंत्रित. घर घेण्याआधी जलसंपदा विभागाचा नकाशा पाहा; दलालाचे "इथे कधी पाणी येत नाही" हे वाक्य २०१९ नंतर सांगलीत कोणी विकत घेऊ नये.

पूर्ण गाव हलवायचे म्हणतात. होय म्हणावे का?

प्रश्न होय-नाही असा ठेवू नका. कुठे, किती लांब, कोणाच्या नावावर, आणि कोण ठरवणार, हे आधी विचारा.

किल्लारीकडे बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली. घराचा आकार जमिनीवरून ठरला: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. म्हणजे ज्याच्याकडे आधी जास्त होते त्याला नव्या गावातही जास्त. गावांची आखणी शहरासारखी चौकोनी झाली, रस्ते रुंद, घरे लांब लांब. गोठ्याचा आणि शेताच्या अंतराचा विचार मागे पडला. त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र वेगळा होता. ज्या गावांत जुनीच घरे दुरुस्त आणि मजबूत करायची होती तिथे गावातल्याच बायका संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या. अनुदानाचा हप्ता कसा मिळतो, सिमेंट-लोखंड कुठे वापरायचे, हे त्या घरोघरी सांगत. पैसे कुटुंबाच्या हाती आणि बांधकामावर घरच्या बाईची नजर, ही पद्धत आजही कुठल्याही पुनर्वसनाला मागून घ्यावी अशी आहे.

जागा बघायला एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसात जा. पाणी कुठून, शेत किती अंतरावर, स्मशान, गुरांना वाट, उतारावरून येणारे पाणी. घर पती-पत्नी दोघांच्या नावावर आणि नमुना ८ च्या उताऱ्यावरही तशीच नोंद मागा. जुन्या गावातल्या शेतीचा आणि वनहक्काचा दावा सोडल्याचे कुठल्याही कागदात लिहून देऊ नका.

आराखडा बघायला मागितला तर देत नाहीत. तक्रार कुठे?

माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर ३० दिवसांत. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. जिवाशी संबंध असेल तर मुदत ४८ तासांची आहे. अर्जाच्या पहिल्याच ओळीत तसे लिहा आणि कारण द्या. पहिले अपील ३० दिवसांत, दुसरे ९० दिवसांत. हक्कभंगाची तक्रार राज्य मानवी हक्क आयोगाकडे विनाशुल्क करता येते, घटनेपासून एक वर्षाच्या आत. आपत्ती कायद्याखालच्या निर्णयाविरुद्ध दिवाणी न्यायालय चालत नाही, कलम ७१ मुळे थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय. तिथे गेल्यावर पहिला प्रश्न येतो की लेखी कधी कळवले होते. पोच घेतलेल्या प्रती तेव्हा उपयोगी पडतात.

ग्रामसभेत ठराव कसा लिहावा?

महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे मुद्दे पक्के करा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी संख्या. १ मेची सभा या कामाला सर्वांत सोयीची, पावसाळ्याला महिना असतो. "आपत्ती व्यवस्थापनाबाबत चर्चा झाली" असे इतिवृत्तात आले तर काहीच झाले नाही असे समजा. नमुना असा:

"मौजे ____ येथील ग्रामसभा ठरवते की, ओढ्याकाठच्या १८ कुटुंबांची यादी (सोबत जोडली आहे) धोक्याच्या कुटुंबांची यादी म्हणून नोंदवावी, भूवैज्ञानिक पाहणीसाठी तहसीलदारांना पंधरा दिवसांत अर्ज करावा, शाळेत तात्पुरते सहा संडास व ५,००० लिटरची टाकी १ जूनपूर्वी बसवावी, खर्च वित्त आयोगाच्या निधीतून, शाळेची एक चावी अंगणवाडीताईंकडे ठेवावी, जबाबदार व्यक्ती ____ आणि ____. ठरावाची प्रत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणास पाठवावी. सूचक ____, अनुमोदक ____."

सभा संपण्याआधी ठराव मोठ्याने वाचून घ्या, सूचक-अनुमोदकांच्या सह्या तिथेच घ्या, आणि इतिवृत्ताच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.